आधीच्या मुलाखतींबद्दल विचारायचं असेल तर नेमकं विचारा : भरती करणाऱ्यांना खुलं पत्र

मा. मनुष्यबळ विभागप्रमुख, भरती अधिकारी आणि कंपन्यांना उमेदवार पुरवणारे कन्सल्टंट,

स. न. वि. वि.

तुमच्या ऑनलाइन अर्जात लाल चांदणी लावलेला एक प्रश्न असतो : ‘यापूर्वी आमच्याकडे मुलाखत दिली आहे का?’ समोर ‘हो’ आणि ‘नाही’, एवढंच. तो भरल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही, आणि खरं उत्तर दिलं तर अर्जाचं काय होईल हे उमेदवाराला कुणी सांगत नाही. मग बऱ्याच जणांचं बोट ‘नाही’कडे जातं. काही जण जाणूनबुजून खोटं लिहितात. पुष्कळांना मात्र आपलं खरं उत्तर काय, हेच प्रश्न वाचून कळलेलं नसतं.

आमच्यापैकी काहींनी कंपन्यांमध्ये भरतीचं काम केलं आहे, काही जण उमेदवारांना अर्ज भरायला मदत करतात. आमचं म्हणणं असं आहे. तुमच्याच कंपनीतल्या जुन्या मुलाखतीबद्दल विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि उमेदवारानं त्याचं खरं उत्तर दिलंच पाहिजे. मात्र प्रश्न नेमका आणि मुदत घातलेला हवा. दुसऱ्या कंपन्यांत त्याचं काय झालं, हे अर्जात विचारू नये.

हा प्रश्न विचारण्यामागची तुमची कारणं खरी आहेत. पॅनेलवरच्या लोकांचा वेळ महाग असतो. महिन्यापूर्वी ज्याला नाकारलं त्याचीच पुन्हा मुलाखत घेतली तर बहुतेक तेच प्रश्न आणि तोच निकाल. उमेदवार आधी कुणी पाठवला, यावरून कन्सल्टन्सीच्या फीचे वाद असतात. एकाच्या जागी दुसऱ्याला बसवण्याचे प्रकार आयटी भरतीत घडतात, म्हणून मागच्या फेरीतला फोटो आणि आजचा चेहरा ताडून पाहावा लागतो. त्यासाठी जुनी नोंद लागतेच. पण या प्रत्येक कारणासाठी लागणारी माहिती वेगळी आहे, आणि हो-नाहीच्या एका प्रश्नातून त्यातली एकही धड मिळत नाही.

‘मुलाखत’ म्हणजे नेमकं काय, इथूनच घोळ सुरू होतो. ऑनलाइन चाचणी दिली आणि पुढे बोलावणं आलं नाही, ती मुलाखत का? एचआरनं फोनवर दहा मिनिटं पगार आणि नोटीस पिरियड विचारला, ती? शनिवारच्या वॉक-इनला टोकन घेतलं, चारपर्यंत बसून राहिला आणि नंबरच आला नाही, तो? कन्सल्टन्सीच्या पगारावर असलेल्या इंजिनिअरची तुमच्या मॅनेजरनं ‘क्लायंट राउंड’ म्हणून चाचपणी केली, ती तुमच्याकडची मुलाखत की कन्सल्टन्सीकडची? तुमच्या स्वतःच्या टीममध्ये या चारही प्रश्नांची उत्तरं प्रत्येक जण वेगळी देईल. मग उमेदवारानं एकच उत्तर कसं द्यावं?

‘आमच्याकडे’ हा शब्दही तितकाच सैल आहे. समूहातली दुसरी कंपनी त्यात येते का? विलीन झालेली कंपनी? लार्सन अँड टुब्रो इन्फोटेक आणि माइंडट्री नोव्हेंबर २०२२ मध्ये एक झाल्या. त्याआधी यांपैकी एकीकडे मुलाखत दिलेल्यानं आज ‘आमच्याकडे’ या शब्दाचा अर्थ काय घ्यायचा, हे अर्जानंच सांगायला हवं. कंपन्या एकत्र येणं, वेगळ्या होणं, नाव बदलणं हे आता नेहमीचं आहे. समूहातल्या ज्या कंपन्या अभिप्रेत असतील त्यांची नावं प्रश्नाखाली एका ओळीत बसतात.

मग येते मुदत. पुन्हा अर्ज करण्याआधी थांबायचा काळ कुठे तीन महिने असतो, कुठे सहा, कुठे वर्ष. पण तो मोजायचा कुठून? समजा, मुदत सहा महिन्यांची आहे. शेवटची फेरी १२ जानेवारीला झाली, नकाराचं मेल ३ मार्चला आलं आणि उमेदवारानं २० जुलैला पुन्हा अर्ज केला. फेरीपासून मोजलं तर मुदत १२ जुलैलाच संपली, अर्ज चालतो. मेलपासून मोजलं तर ३ सप्टेंबरपर्यंत थांबायला हवं, अर्ज बाद. नकाराचं मेल आलंच नसेल, आणि पुष्कळदा ते येत नाही, तर मोजणीला सुरुवातच नाही. मुदत शेवटच्या फेरीच्या तारखेपासून मोजावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. ती तारीख दोन्ही बाजूंना माहीत असते आणि तुमच्या मेलच्या दिरंगाईचा भुर्दंड उमेदवाराला बसत नाही.

काही कंपन्यांच्या प्रणालीत हा प्रश्न थेट बाद करणारा म्हणून लावलेला असतो. ‘हो’ म्हटलं की अर्ज माणसाच्या नजरेला पडण्याआधीच बाहेर. मुदत न घालता असं केलं तर चार वर्षांपूर्वी फ्रेशर म्हणून चाचणी दिलेला आणि आता त्याच कामाचा अनुभव घेऊन आलेला माणूसही बाहेर जातो. खरं लिहिणारा जातो, खोटं लिहिणारा आत येतो. तुमच्या प्रणालीत हा प्रश्न तसा लावला आहे का, हे आजच तपासून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

दुबार अर्ज शोधण्याचं कामही या प्रश्नावर सोडू नका. प्रणाली सहसा ईमेल आणि मोबाइल नंबर जुळवते. दोन्ही बदलले की तीच व्यक्ती नवी ठरते. नावावर तर भरवसाच ठेवता येत नाही, आणि मराठी नावांच्या बाबतीत हे फार जाणवतं. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर नाव आधी. कुणी अर्जात मधलं नाव लिहितं, कुणी नुसतं आद्याक्षर. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलीची पदवी माहेरच्या नावानं आणि बँक खातं सासरच्या. रोमन लिपीत एकाच आडनावाची दोन-तीन स्पेलिंग चालतात. अशी नोंद दोनदा सापडली की लगेच लपवाछपवीचा शिक्का मारण्याआधी जन्मतारीख आणि पदवीचं वर्ष ताडून पाहावं. काही कंपन्या पॅन मागतात. तो माणूस ओळखायला नक्कीच उपयोगी आहे, पण पहिल्याच अर्जात मागण्याइतकी त्याची गरज नसते. निवड यादीत आल्यावर मागितला तरी काम भागतं.

अर्जाच्या तळाशी तुम्ही प्रतिज्ञापत्र घेता : वरील माहिती खरी आहे, खोटी आढळल्यास नोकरी जाऊ शकते. नेमणूकपत्रात तेच कलम पुन्हा येतं. म्हणजे आज घाईत टिचकी मारलेलं ‘नाही’ दोन वर्षांनी कुणाच्या नोकरीवर येऊ शकतं. एवढा परिणाम होणार असेल तर प्रश्नाची भाषाही तितकीच काटेकोर हवी. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानं २०१६ मध्ये अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात पडताळणीसाठी भरून घ्यायच्या नमुना अर्जांबद्दल हेच सांगितलं. माहिती दडवली असं ठरवायचं तर नमुना मोघम नव्हे, नेमका असायला हवा, आणि जी माहिती स्पष्टपणे मागितली होती तेवढीच देणं बंधनकारक. तो खटला फौजदारी प्रकरणांची माहिती लपवण्याबद्दलचा आणि सरकारी नोकरीतला होता. पण त्यातलं तत्त्व खासगी कंपनीनंही पाळण्यासारखं आहे.

हे पत्र उमेदवारही वाचतील, म्हणून त्यांना काय सांगतो तेही इथेच लिहितो. तुमच्यापासून लपवण्यासारखं त्यात काही नाही.

कंपनीनं स्वतःकडच्या मुलाखतीबद्दल विचारलं असेल तर खरं लिहा. प्रश्न मोघम असेल तर चाचणी, फोन आणि प्रत्यक्ष फेरी हे सगळं धरून ‘हो’ म्हणा आणि शेऱ्यात टप्पा लिहा : ‘जून २०२३, ऑनलाइन चाचणी, पुढील फेरी झाली नाही.’ तारीख आठवत नसेल आणि रकाना पूर्ण तारखेवाचून पुढे जाऊ देत नसेल, तर त्या महिन्याची १ तारीख टाका आणि ‘तारीख अंदाजे’ असं शेऱ्यात लिहा. शेऱ्याची जागाच नसेल तर अर्ज गेल्यावर लगेच भरती विभागाला दोन ओळींचं मेल करा आणि ते जपून ठेवा. विचारलं नसेल तर बायोडेटात नापास मुलाखतींना जागा नाही. मात्र त्याच कंपनीत पुन्हा अर्ज करताना सोबतच्या मेलमध्ये स्वतःहून सांगणं फायद्याचं ठरतं, कारण जुनी नोंद त्यांच्याकडे असतेच. मजकूर छोटा ठेवा : ‘ऑगस्ट २०२४ मध्ये याच पदासाठी दुसऱ्या तांत्रिक फेरीपर्यंत आलो होतो. त्यानंतर वर्षभर डेटाबेसच्या कामाची जबाबदारी सांभाळली आहे. तपशील बायोडेटाच्या पहिल्या पानावर.’ माफी नको, कारणमीमांसा नको.

उमेदवार अडकतो तो बहुतेक वेळा जुन्या मुलाखतीमुळे नव्हे, दोन वेळच्या माहितीतल्या फरकामुळे. मागच्या वेळी दिलेला बायोडेटा प्रणालीत तसाच असतो. त्यात चालू पगार, अपेक्षित पगार, नोटीस पिरियड, एखाद्या तंत्रज्ञानातला अनुभव आणि नोकरी सोडण्याचं कारण नोंदलेलं असतं. मार्चमध्ये ‘जावा ३ वर्षं’ आणि ऑक्टोबरमध्ये ‘जावा ५ वर्षं’ असं दिसलं की प्रश्न येणारच. म्हणून प्रत्येक अर्जाची एक ओळ स्वतःच्या वहीत किंवा एक्सेलमध्ये असावी : तारीख, कंपनी, पद आणि त्याचा क्रमांक, कुणामार्फत गेला, कोणता ईमेल आणि मोबाइल दिला, किती पगार सांगितला, बायोडेटाची कोणती प्रत पाठवली, किती फेऱ्या झाल्या, शेवटचं उत्तर काय आलं. पगार आणि अनुभव काळाबरोबर वाढणारच, त्यात गैर काही नाही. पण दोन तारखांमधल्या अंतराशी तो बदल जुळला पाहिजे.

एका गोष्टीबद्दल आम्ही उमेदवारांची बाजू घेणार नाही. ऑफर स्वीकारून ठरल्या दिवशी रुजू न होणं आणि पुढे त्याच कंपनीत पुन्हा अर्ज करताना ते दडवणं चूक आहे. ती जागा त्यांनी तुमच्यासाठी अडवून ठेवली होती. विचारलं तर सांगा, आणि न येण्याबद्दल कोणत्या तारखेला कळवलं होतं तेही सांगा. कळवून न येणं आणि फोन बंद करून बसणं यात भरती विभाग फरक करतो, आणि करायलाच हवा.

आता कन्सल्टंट मंडळींना. फी सर्वसाधारणपणे वार्षिक पॅकेजच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. १२ लाखांच्या जागेवर जवळपास १ लाख रुपये. ज्यानं बायोडेटा आधी पाठवला त्याचा हक्क ९० किंवा १८० दिवस, असा करार असतो. त्यामुळे ‘क्लायंटचं नाव नंतर सांगतो, आधी बायोडेटा पाठवा’ असं म्हणत तुम्ही दिसेल त्या जागेवर बायोडेटा टाकून ठेवता. उमेदवाराला पत्ताही नसतो. महिन्यानं त्याची मैत्रीण तिच्या कंपनीत त्याचं नाव रेफर करते, तेव्हा प्रणाली सांगते की हा उमेदवार आधीच आलेला आहे. रेफरल बाद होतं, दोन कन्सल्टन्सींमध्ये फीवरून जुंपते आणि कंपनी कटकट नको म्हणून उमेदवारालाच वगळते. त्यानं अर्जात ‘नाही’ लिहिलेलं असतं, आणि त्याच्यापुरतं ते खरंच असतं.

याला उपाय साधा आहे. बायोडेटा पाठवण्याआधी उमेदवाराचं संमतीचं मेल घ्या. त्यात कंपनीचं नाव, पद आणि तारीख हवी : ‘माझा बायोडेटा या पदासाठी या कंपनीकडे पाठवण्यास संमती आहे. इतरत्र पाठवण्याआधी मला विचारावे.’ कंपन्यांनीही असं मेल सोबत नसेल तर बायोडेटा स्वीकारू नये. ही एक अट करारात घातली तरी दुबार अर्जांचे निम्मे वाद मिटतील, असं आम्हाला वाटतं. आणि उमेदवारांनो, क्लायंटचं नाव न सांगणाऱ्याला बायोडेटा देऊ नका.

दुसऱ्या कंपन्यांमधल्या मुलाखतींचा प्रश्न वेगळा आहे. ‘सध्या आणखी कुठे मुलाखती सुरू आहेत?’ हे तुम्ही विचारता, कारण ऑफर देऊन माणूस न येण्याची भीती असते. नव्वद दिवसांच्या नोटीस पिरियडमुळे ती भीती वाढली आहे, हे आम्ही जाणतो. पण कंपन्यांची नावं कळून ती भीती कमी होत नाही. तुम्हाला हवी असते तारीख. ‘आमचा निर्णय तुम्हाला कधीपर्यंत हवा?’ एवढं विचारा. उमेदवारही मोकळेपणानं सांगतो : ‘एका ठिकाणी शेवटची फेरी झाली आहे, पंधरवड्यात उत्तर येईल.’ यापलीकडे नाव, पद, रक्कम सांगायला तो बांधील नाही.

हातात ऑफर असल्याचं तो म्हणत असेल तर ते खरंच असायला हवं. पगार वाढवून घेण्यासाठी नसलेली ऑफर सांगणं महागात पडतं, कारण पुढचा प्रश्न ‘पत्र पाठवा’ हाच असतो, आणि फेरफार केलेलं पत्र पडताळणीत उघडं पडलं की नोकरीही जाते आणि नावही. पण तुम्हीही पत्राची पूर्ण प्रत मागू नका. अशी पत्रं बहुतेकदा गोपनीय असतात. एका कंपनीची गोपनीयता मोडायला लावून तुम्ही त्याच माणसाला स्वतःकडे घेणार, आणि उद्या तुमचं पत्र तिसरीकडे फिरणार. अगदीच गरज असेल तर नाव झाकलेली, फक्त रुजू होण्याची तारीख आणि एकूण पॅकेज दिसेल अशी प्रत पुरते. दुसऱ्या कंपनीच्या चाचणीतले प्रश्न उमेदवाराला विचारणं किंवा तिथे करून दिलेली असाइनमेंट मागणं, हेही त्यातच आलं.

‘तिथे निवड का झाली नाही?’ याचं उत्तर उमेदवाराला बहुतेक वेळा माहीतच नसतं. ‘कारण कळवलं नाही’ हे पूर्ण उत्तर समजा. पडताळणीतूनही हे निघत नाही. भविष्य निर्वाह निधीच्या यूएएन खात्यावर माणूस कुठे, कधी नोकरीला होता ते दिसतं, कुठे मुलाखत दिली ते नाही. जे तपासता येत नाही ते अर्जात विचारलं की प्रामाणिक माणसाचं तेवढं नुकसान होतं.

महाराष्ट्रात एका गटाचा विचार मात्र स्वतंत्रपणे करायला हवा. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांच्या तयारीत तीन-चार वर्षं घालवून पंचविशी-तिशीत खासगी नोकरीकडे वळणाऱ्यांचा. त्यांच्या बायोडेटात मोकळी वर्षं दिसतात आणि ती झाकण्यासाठी अनेक जण ओळखीच्या माणसाकडून अनुभवाचं पत्र आणतात. ते पडताळणीत टिकत नाही. त्यांच्या बाबतीत जुनी मुलाखत सांगणंच हिताचं आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत मुख्य परीक्षेचे १७५० आणि मुलाखतीचे २७५, असे २०२५ गुण असतात, आणि मुलाखतीला जागांच्या साधारण दुप्पट उमेदवार बोलावले जातात. तिथवर पोचणं ही कमावलेली गोष्ट आहे. पूर्वपरीक्षा आणि मुख्य परीक्षा पार करून मुलाखतीत थांबलेल्या, संमती दिलेल्या उमेदवारांची माहिती आयोग २०१८ पासून जाहीर करत आला आहे, आणि २०२५ मध्ये त्याच योजनेला ‘प्रतिभा सेतू’ हे रूप देऊन खासगी कंपन्यांनाही तिथे प्रवेश दिला. उमेदवारांनी वर्ष आणि टप्पा जसाच्या तसा लिहावा : ‘२०२३, मुख्य परीक्षा उत्तीर्ण, मुलाखत दिली, अंतिम यादीत नाही.’ नुसतं ‘यूपीएससी क्वालिफाइड’ लिहिणं दिशाभूल करणारं आहे. राज्यसेवेलाही हाच नियम. आणि तुम्ही, कृपा करून, ‘मग पास का नाही झालात?’ हा प्रश्न टाळा. इतिहास, अर्थव्यवस्था, लेखन, एका जागी बसून काम करण्याची सवय यातलं आपल्या जागेला काय उपयोगी पडेल, ते विचारा.

नोंदींबद्दल दोन गोष्टी. ‘नाकारलं’ या एकाच शेऱ्याखाली तुम्ही फार गोष्टी कोंबता : तांत्रिक फेरीत कमी पडला, पगारावर जमलं नाही, जागाच रद्द झाली, उमेदवारानं स्वतः माघार घेतली, फेरीला आलाच नाही. सहा महिन्यांनी नवा भरती अधिकारी ती नोंद उघडतो तेव्हा त्याला फक्त ‘नाकारलं’ दिसतं. जागा रद्द झाल्यामुळे थांबलेल्याला थांबण्याची मुदत लावणं तर अन्यायच आहे. हे पाच शेरे वेगळे ठेवा. दुसरं, जुना निकाल भरती अधिकाऱ्यानं पाहावा, पण नव्या पॅनेलला तो आधी दाखवू नये. पॅनेलनं आपले गुण आणि शेरे भरले, की मग उघडावा. आधी दाखवला तर पॅनेल मागच्या वेळच्या उणिवेवरच बोट ठेवून बसतं, आणि मध्ये केलेल्या मेहनतीकडे कुणाचं लक्ष जात नाही.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. त्याच्या कलम ६ नुसार संमती सांगितलेल्या हेतूसाठी लागेल तेवढ्याच माहितीपुरती असते, आणि कलम १२ नुसार माणसाला आपली माहिती दुरुस्त करून घेता येते, पुसूनही मागता येते. जुन्या मुलाखतींच्या नोंदी किती काळ ठेवणार, हे आत्ताच ठरवून अर्जावर छापा. थांबण्याची मुदत सहा महिन्यांची आणि नोंद मात्र दहा वर्षं, हे कुणालाही पटवून देता येणार नाही.

आमची विनंती प्रश्नाच्या मजकुराबद्दल आहे. खालचा मजकूर जसाच्या तसा उचलला तरी चालेल, मुदत आणि नावं तेवढी आपली घाला :

‘गेल्या ६ महिन्यांत तुम्ही खाली नावं दिलेल्या आमच्या कंपन्यांपैकी कुठे प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर मुलाखत दिली आहे का? ऑनलाइन चाचणी आणि एचआरचा प्राथमिक फोन यात धरू नका. मुदत शेवटच्या फेरीच्या तारखेपासून मोजा. ‘हो’ असल्यास पद, महिना आणि कोणत्या कन्सल्टन्सीमार्फत आलात ते लिहा. आठवत नसल्यास तसं लिहा. ‘हो’ उत्तरामुळे अर्ज आपोआप बाद होत नाही. मुदत पूर्ण झाली नसल्यास ती कधी संपते ते आम्ही मेलनं कळवू.’

यातलं शेवटचं वाक्य लिहायचं तर ते मेल खरोखर पाठवावं लागेल. त्याची सोय प्रणालीत आधी करा आणि मगच प्रश्न बदला.

आपले,
भरतीच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना काम करणारे काही जण